स्तनातली गाठ, दुखणं, दूध : घरात या विषयावर आपण बोलतो का?

मोगरा (नौपाडा, ठाणे) | ३ फेब्रुवारी, रात्री ११:४०

गेल्या महिन्यात आंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेच्या दिशेने, बोराएवढी गाठ हाताला लागली. माझं वय ३४. चार दिवस कुणालाच बोलले नाही. पाचव्या रात्री नवऱ्याला सांगायला गेले तर तोंडातून निघालं, "छातीत काहीतरी होतंय." त्याने तसाच उठून गाडी काढली आणि रात्री अकरा वाजता माझा ईसीजी निघाला. तो नॉर्मल आला. तिथल्या डॉक्टरांनी "अजून काही त्रास?" असं विचारलंही, पण पडद्याशी वॉर्डबॉय उभा होता आणि माझ्याने "स्तनात गाठ आहे" एवढे तीन शब्द बोलवले नाहीत. तशीच घरी आले.

नंतर रीतसर सोनोग्राफी झाली. थंडगार जेली, आणि स्क्रीनवर एक काळसर, लांबट, कडा गुळगुळीत असलेला गोळा. डॉक्टर दाबायच्या तेव्हा तो बाजूला सरकायचा. मग कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने आतला तुकडा तपासायला काढणं. भूल दिलेली असल्याने दुखलं नाही, फक्त स्टेपलर मारल्यासारखा टक आवाज आला, चार वेळा. रिपोर्ट : फायब्रोअ‍ॅडेनोमा. कॅन्सर नाही. परत येताना तलावपाळीला उतरून अर्धा तास नुसती बसून राहिले.

तिथे बसल्यावर जाणवलं की चौतीस वर्षं हा अवयव माझ्या अंगावर आहे, त्यावर एक मूल वाढलं, आणि आत काय असतं ते मला माहीत नाही. म्हणून विचारते. आत नेमकं काय असतं? कुठल्या गोष्टीला घाबरायचं, कुठल्या नाही? तुमचे अनुभवही लिहा.

आणखी एक. सासूबाईंचा खांदा आखडलाय म्हणून हल्ली मी त्यांच्या ब्लाउजचे हुक लावून देते. त्यांचं उजवं स्तनाग्र आत ओढलं गेल्यासारखं दिसलं. वय ६१. विचारलं तर "वयाचं असतं ते, कुणाला बोलू नकोस" म्हणाल्या.

सानिका_ऐरोली | ३ फेब्रुवारी, ११:५८

धाग्याबद्दल खूप आभार. मलाही दोन्ही बाजूंना मिळून तीन फायब्रोअ‍ॅडेनोमा आहेत, कॉलेजात असल्यापासून. बोटाखालून सटकतात म्हणून इंग्रजीत त्यांना ब्रेस्ट माऊस म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्या घरी त्यांचा उल्लेख "उंदीरमामा" असाच होतो. वर्षातून एकदा उंदीरमामांची सोनोग्राफी.

दत्ता_कळवा | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

विषय महत्त्वाचा आहे, मान्य. पण इथे मुलंबाळंही वाचतात. महिला विभागात हलवता येईल का? संपादकांनी विचार करावा.

घणसोलीची_आई | ४ फेब्रुवारी, ७:३२

दत्ताभाऊ, गुडघेदुखीचा धागा पुरुष विभागात हलवा असं कुणी म्हणालं होतं का? आणि मुलांनी वाचलं तर बरंच आहे. मोगराताईंच्या नवऱ्याला वेळेवर कुणी समजावलं असतं तर तो ईसीजी वाचला असता.

कोपरीकर | ४ फेब्रुवारी, ८:०५

पुरुष म्हणून लिहितो. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला एका बाजूला स्तनाग्राखाली रुपयाएवढी कडक चकती आली होती, हात लागला की कळवळायचा. त्याने पोहायला जाणं बंद केलं. "पाण्याने सर्दी होते" म्हणायचा. तीन महिने आम्हाला पत्ता नाही. डॉक्टरांनी सांगितलं, वयात येताना निम्म्याहून जास्त मुलांना हे कमीअधिक होतं, बहुतेकांचं वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातं. नाव गायनेकोमास्टिया. त्याचंही गेलं. पण ते तीन महिने तो पोरगा एकटाच घाबरत होता, याचं मला अजून वाईट वाटतं. धागा इथेच राहू द्या.

सुमनताई_चरई | ४ फेब्रुवारी, १०:२०

सगळे गाठीवर आणि विभागावर बोलताय, मोगराच्या शेवटच्या परिच्छेदाकडे कुणाचं लक्ष गेलं का? मुली, तुझ्या गाठीचा निकाल लागलाय. सासूबाईंचा लागायचाय. जन्मापासून आत असलेलं स्तनाग्र वेगळं. उतारवयात नव्याने आत ओढलं गेलेलं वेगळं. ते दाखवायचंच, आणि याच आठवड्यात.

माझं वय ७१. २००४ मध्ये माझा डावा स्तन काढला. मला गाठ दुखत नव्हती, म्हणूनच मी सहा महिने घालवले. दुखत नाही म्हणजे साधं आहे, असं वाटायचं. तसं नसतं.

नेरूळचा_सर्जन | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

सुमनताईंशी शंभर टक्के सहमत. सासूबाईंची तपासणी, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी, या आठवड्यात. घाबरवत नाही. स्तनाग्रामागच्या नलिका रुंदावून, तिथे सूज येऊनही ते आत ओढलं जातं. पण हे त्यातलंच आहे, असं नुसतं बघून कुणालाही सांगता येत नाही. बाकीचं, आता ओपीडी संपलीय म्हणून, निवांत लिहितो.

पेशंटला मी द्राक्षाच्या घडाचं उदाहरण देतो. दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म पिशव्या म्हणजे मणी, नलिका म्हणजे देठ. एका स्तनात असे साधारण १५ ते २० घड स्तनाग्राभोवती गोलाकार मांडलेले असतात आणि त्यांच्या मुख्य नलिका स्तनाग्रावर उघडतात. मधली जागा चरबीने भरलेली असते. स्तन लहान-मोठा दिसतो तो मुख्यतः या चरबीमुळे. त्यामुळे आकाराचा आणि दूध किती येणार याचा संबंध लावू नका. स्तनात स्वतःचा स्नायू नसतो. स्नायू असतो तो मागे, बरगड्यांवर. त्वचेपासून मागच्या आवरणापर्यंत तंतूंचे बारीक दोर असतात, त्यांच्यावर सगळं तोललेलं असतं. कॅन्सरने हे दोर आखडले की वरची कातडी ओढली जाते आणि खळी पडते. नलिका ओढल्या गेल्या की स्तनाग्र आत जातं. म्हणजे वर दिसते ती खळी, ओढणारं आत असतं.

आणखी एक, जे बहुतेकांना माहीत नसतं. स्तनाचा एक कोपरा काखेत शेपटीसारखा शिरलेला असतो. वरच्या-बाहेरच्या भागात ग्रंथी सर्वांत जास्त, म्हणून गाठीही तिथेच जास्त. मोगरा यांची तिथेच होती. आणि स्तनातल्या लसिकेचा, म्हणजे लिम्फ या पाण्यासारख्या द्रवाचा, सुमारे तीन चतुर्थांश निचरा काखेतल्या लसिकागाठींकडे (या सगळ्यांनाच असतात) होतो, म्हणून आम्ही काख तपासल्याशिवाय पेशंटला सोडत नाही.

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात, हेही सांगून ठेवतो. लग्न ठरलेल्या मुली रडवेल्या होऊन एवढंच विचारायला येतात.

मृण्मयी_खारघर | ४ फेब्रुवारी, ४:०२

डॉक्टर, पाळीच्या आधी आठ-दहा दिवस दोन्ही बाजूंना ठणकतं, हातालाही गोळे-गोळे लागतात. पाळी आली की गायब. हे काय?

नेरूळचा_सर्जन | ४ फेब्रुवारी, ४:४०

हार्मोन्सच्या चढउतारामुळे ग्रंथी फुगतात, त्याचं दुखणं. फार म्हणजे फार सर्रास आढळतं. दोन महिने कॅलेंडरवर दुखण्याच्या तारखांना फुली मारा, पाळीशी जुळलं की अर्धी काळजी तिथेच संपते. नीट आधार देणारी ब्रा, गरजेपुरती वेदनाशामक, बस. प्रिमरोझ तेलाच्या गोळ्यांवर खर्च करू नका, खोट्या गोळीपेक्षा त्यांचा जास्त उपयोग दिसलेला नाही. मात्र पाळी होऊन गेल्यावरही एकच गोळा एकाच जागी राहिला, तर दाखवा.

घणसोलीची_आई | ४ फेब्रुवारी, रात्री ९:२५

आता माझं. बाळंतपणानंतर अठराव्या दिवशी उजव्या बाजूला दूध साकळलं. स्तन विटेसारखा कडक, वर लालभडक पट्टा, हुडहुडी भरून ताप १०२. आईने पोळपाटाजवळची गरम सुती फडकी आणून शेकलं आणि आत्याने "गाठ फोडायची" म्हणून तेल लावून अंगठ्याने जोरात चोळलं. मी उशी चावून ओरडत होते. दोघींचा जीव होता माझ्यावर, पण तिसऱ्या दिवशी आत पू झाला. सोनोग्राफीत बघून सुईने दोन वेळा काढला. एका नर्सिंग होममध्ये तर "आता अंगावर पाजणं कायमचं बंद करा" असं सांगून मोकळे झाले होते. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, पाजत राहा. पाजलं. दीड वर्ष पाजलं.

सुमनताई_चरई | ४ फेब्रुवारी, ९:५०

शेक आणि हलकी मालिश हे आमच्या पिढीत सगळ्या बाळंतिणींनी केलंय. उगाच मोडीत काढू नका.

वॉर्डातली_शैला | ५ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

रात्रपाळी संपवून लिहितेय. ताई, मीही वीस वर्षं बाळंतिणींना तेच सांगत आले. पण आता सल्ला बदललाय. जोरात चोळलं की आतली सूज वाढते, म्हणून फक्त वरवर हलका हात. सूज असताना गरम शेकाऐवजी थंड पट्टी. बाळ मागेल तेवढंच पाजायचं. पंप लावून लावून "रिकामं" करत बसलं की शरीर आणखी दूध बनवतं. ताप उतरला नाही, अंग मोडून आलं तर अँटिबायोटिक लागतंच, ते चालू असतानाही पाजता येतं.

दूध कमी येतंय म्हणून रडणाऱ्या आयांसाठी थोडं सांगते. बाळाने ओढायला सुरुवात केली की मेंदूतून दोन हार्मोन्स सुटतात. प्रोलॅक्टिन दूध बनवतं. ऑक्सिटोसिन त्या द्राक्षाच्या मण्यांना पिळून दूध नलिकेत ढकलतं. आपल्याकडे पान्हा फुटणे म्हणतात तो हाच. शेजारचं बाळ रडलं तरी ब्लाउज भिजतो तो यामुळे, आणि भांडण, भीती, दुखणं असलं की पान्हा अडतो तोही यामुळे. पहिले दोन-तीन दिवस घट्ट पिवळसर चीक येतो, चमचा-चमचाच येतो, आणि नवजात बाळाला तेवढाच लागतो. त्याच दिवसांत घरचे "हिला दूधच नाही" म्हणून पावडरचा डबा उघडतात. हळिवाचे लाडू खुशाल खा, पण बाळाला वरचेवर पाजणं हा खरा उपाय.

अनामिका_वाशी | ५ फेब्रुवारी, ७:१५

माझा मुलगा ३१व्या आठवड्यात झाला. मला चार दिवस थेंबही नव्हता. त्याने पहिलं दूध प्यायलं ते दुसऱ्या कुठल्यातरी आईचं, दुग्धपेढीतलं. तेव्हा कळलं की आशियातली पहिली दुग्धपेढी आपल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून ते दूध साठवतात. माझं दूध उतरल्यावर मीही तीन महिने दिलं. त्या अनोळखी बाईचं नाव मला कधीच कळणार नाही, पण मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाला तिच्यासाठी एक दिवा लावते.

मृण्मयी_खारघर | ५ फेब्रुवारी, ७:४०

अनामिका 🙏 सकाळी सकाळी रडवलंस.

जरा अवांतर : एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षांचा कुणाला अनुभव आहे का? रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या बाईचं नाव दिलंय, पण मला एका स्टँडवर तो कुलूपबंद मिळाला. किल्ली कुणाकडे, ते चौकशी खिडकीवरही माहीत नव्हतं. शेवटी शिवनेरीच्या मागे ओढणी धरून पाजलं.

बाळकृष्ण_बेलापूर | ५ फेब्रुवारी, १०:३०

वरच्या पान्ह्यावरून सुचलं. आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत पाहा. थान, पान्हा, अंगावर पाजणं, दूध तोडणं, गायीने पान्हा चोरणं. सांगलीकडची माझी आजी "थान" हा शब्द अगदी सहज, चारचौघांत वापरायची. शहरात आल्यावर आपण "छाती" म्हणायला लागलो, आणि छातीत हृदयही आहे, फुप्फुसही आहे. मोगराताईंचा ईसीजी भाषेच्या या पडद्यामुळेच निघाला, असं मला वाटतं.

रेवती_घोडबंदर | ५ फेब्रुवारी, दुपारी १:२०

माझी केस कुणाला उपयोगी पडेल. मूल आठ वर्षांचं, पाजणं कधीच संपलेलं, आणि अचानक दोन्ही बाजूंनी दूध यायला लागलं. मी मनात मेंदूतल्या गाठीपर्यंत जाऊन आले. निघालं काय, तर पित्तासाठी रोज सकाळी घेत होते त्या गोळीत डॉमपेरिडोन होतं, त्याने प्रोलॅक्टिन वाढतं. गोळी बंद, पंधरा दिवसांत दूध बंद.

नेरूळचा_सर्जन | ५ फेब्रुवारी, २:४५

उत्तम उदाहरण. काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या, थायरॉइड कमी असणं, मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतली छोटी गाठ, यांनीही असं होतं, म्हणून रक्त तपासायचं. उलट एकाच बाजूने, एकाच छिद्रातून, न दाबता आपोआप रक्तासारखं किंवा पाण्यासारखं स्वच्छ आलं, तर तातडीने दाखवा. बऱ्याचदा नलिकेतला साधा मस्सा निघतो, पण ते तपासूनच ठरतं. स्तनाग्रावरचा न बरा होणारा खरूजेसारखा चट्टा आणि संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, हेही त्यातच धरा. आणि कोपरीकर, पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, अशा शंभर पेशंटमधला साधारण एक पुरुष असतो. पन्नाशीच्या पुरुषाला एका बाजूला कडक गाठ आली तर ती वयात येण्याची नसते.

दत्ता_कळवा | ५ फेब्रुवारी, ३:३०

हे माहीत नव्हतं. माझी हलवण्याची सूचना मागे घेतो.

सानिका_ऐरोली | ५ फेब्रुवारी, ५:००

सगळ्यांनी दर महिन्याला स्वतः तपासा बायांनो! पाळीनंतर सातव्या दिवशी, आरशासमोर.

नेरूळचा_सर्जन | ५ फेब्रुवारी, ६:१०

इथे थोडा मतभेद. शांघायमध्ये गिरणी कामगार स्त्रियांवर, अडीच लाखांहून जास्त, हा प्रयोग झाला. २००२ मध्ये निष्कर्ष आले : महिन्याच्या महिन्याला शिस्तीत स्वतपासणी शिकवूनही मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. आपल्याकडे टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं, फक्त हाताने. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. महागडं यंत्र नाही, शिकलेला हात. मला या कामाचा फार अभिमान वाटतो.

सुमनताई_चरई | ५ फेब्रुवारी, ६:४५

डॉक्टर, अभ्यास तुमचा खरा असेल. पण माझी गाठ मलाच, साबण लावताना लागली. आरोग्यसेविका आली नव्हती. बाईने आपल्या अंगाला हात लावू नये असं तुमच्या लिहिण्यातून कुणी समजू नये.

नेरूळचा_सर्जन | ५ फेब्रुवारी, ७:०५

बरोबर बोललात ताई, माझं वाक्य अपुरं होतं. तारीख लावून परीक्षा घेतल्यासारखं नको, पण आपलं नेहमीचं कसं असतं ते हाताला ठाऊक हवं, आणि बदल दिसला की त्याच आठवड्यात दाखवावं.

मोगरा (नौपाडा, ठाणे) | ५ फेब्रुवारी, रात्री ११:१५

सगळं वाचलं. आई अजून ऐकत नाहीत. "तुला गाठ निघाली म्हणून तुला सगळीकडे तेच दिसतंय" म्हणतात. कसं समजावू?

सुमनताई_चरई | ५ फेब्रुवारी, ११:३०

तुझ्या फॉलोअपला "मला भीती वाटते, सोबत चला" म्हणून घेऊन जा. तिथे डॉक्टरांकडूनच विषय काढून घे.

रेवती_घोडबंदर | ६ फेब्रुवारी, ८:००

फसवून नेऊ नका, प्लीज. माझ्या आजीला असंच नेलं होतं, तिने नंतर कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवला नाही.

मोगरा (नौपाडा, ठाणे) | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०५

काल दुपारी हा धागा त्यांना पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. त्या शेंगा सोलत होत्या. माझ्या बायोप्सीच्या चार टक आवाजांपाशी त्यांचा हात थांबला. सुमनताईंची पोस्ट दोनदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "गाठ आहे गं आत. गणपतीपासून आहे." म्हणजे पाच महिने.

मला वाटत होतं त्या लाजतायत. तसं नव्हतं. सासऱ्यांच्या आजारपणात घरातलं सोनं गेलं. "आता माझ्यापायी पोरांना कर्ज नको," हे कारण होतं. उद्या सकाळची वेळ घेतली आहे.

वॉर्डातली_शैला | ९ फेब्रुवारी, १०:२०

खर्चाचं आधी ऐका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन येतं. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी तिथे जा. उपचार सुरू व्हायच्या आधी नोंद करा, नंतर नाही. आईंना आजच हे सांगा, म्हणजे त्यांना झोप लागेल.

मोगरा (नौपाडा, ठाणे) | २६ फेब्रुवारी, सायंकाळी ६:५०

कॅन्सर आहे. १.८ सेंटिमीटर, हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या प्रकारचा. सोनोग्राफीत काखेत काही दिसत नाही. योजनेत मंजुरी मिळाली. शस्त्रक्रिया पुढच्या बुधवारी. पूर्ण स्तन काढायचा की फक्त गाठ, हे आईंवर सोडलंय, आणि त्या म्हणतात, "सगळंच काढा, परत कटकट नको."

नेरूळचा_सर्जन | २६ फेब्रुवारी, ७:३०

निर्णय त्यांचाच, पण भीतीपोटी नको, म्हणून हे सांगा. शंभर वर्षांपूर्वी स्तनासकट मागचा स्नायूही काढत. २००२ मध्ये अमेरिकेत फिशर आणि इटलीत व्हेरोनेसी यांनी वीस-वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निकाल दिले : लहान गाठीत फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी आयुष्य तेवढंच मिळतं. काखेचंही तसंच. निळा रंग टोचून पहिल्या एक-दोन लसिकागाठीच काढून बघतात, त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत, त्यामुळे हात सुजण्याची भीती बरीच कमी होते. नंतर हार्मोनविरोधी गोळी, किमान पाच वर्षं. १.८ सेंटिमीटर आणि काख मोकळी दिसतेय, वेळेत आहात.

सुमनताई_चरई | २६ फेब्रुवारी, ७:५५

माझ्या वेळी काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या होत्या, डावा हात अजून संध्याकाळी जड होतो. तुझ्या सासूबाईंचं तसं व्हायची भीती बरीच कमी.

ऑपरेशननंतर हात वर जात नाही, गाऊन डोक्यातून घालता येत नाही. पुढून बटणं असलेले दोन सुती गाऊन माझ्याकडे धुऊन ठेवलेले आहेत, छोटी मऊ उशीही आहे, ती काखेखाली घ्यायची. शनिवारी सकाळी घेऊन येते. चरईतून नौपाडा मला चालत दहा मिनिटं. तुझ्या सासूबाई चहात साखर घेतात का?

मोगरा (नौपाडा, ठाणे) | २६ फेब्रुवारी, ८:१०

घेतात. दोन चमचे. या ताई, आई विचारत होत्या की त्या बाईंचं नाव काय.